चौदावा बिल्ला

मित्रांनो, बेटावर जाणाऱ्या लाँचमध्ये दाराशीच टांगलेली ती जुनी, तेलकट फळी म्हणजे मी. माझ्यावर चोवीस खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला. बेटावर उतरताना प्रत्येकाने एक बिल्ला घ्यायचा, परतताना जागच्या जागी अडकवायचा. सगळे खिळे भरल्याशिवाय लाँच सोडायची नाही.

एका सुताराने मला मोडक्या दारातून कापून काढलं. म्हातारा नावाडी आधी माणसं मोजायचा, मग मला बघायचा. "आपली फळी कधी चुकत नाही," असं तो चारचौघांत सांगे आणि मी फुलून जाई. त्याच्यामागे त्याचा मुलगा लाँच चालवू लागला. तो नुसतं मलाच बघे. मला वाटलं, आपला मान वाढला. माझी अक्कल तेवढीच.

त्या दिवशी शहरातलं एक कुटुंब सहलीला आलं. माणसं सहा, त्यांत एक शिंपीआजोबा, कानांनी अधू. उतरताच सूनबाईंनी सगळ्यांचे बिल्ले मागून घेतले. "तुम्ही हरवाल. माझ्या पर्समध्ये राहू देत." घरचं सगळं त्याच सांभाळत, म्हणून कोणी हूं की चूं केलं नाही.

दुपारनंतर वारा एकदम पडला. शेतातले बगळे उठून गेले, गुरं आपणहून गोठ्याकडे वळली. उधाणाची भरती होती आणि आभाळ काळवंडत चाललं होतं. नावाड्याने तीनदा भोंगा दिला. लोक धावत आले. सूनबाईंनी सहाच्या सहा बिल्ले भराभर अडकवले. खिशात फिरून आलेले बिल्ले कोमट असतात. हे थंडगार होते. त्या घरची पाचच माणसं माझ्यासमोरून आत गेली होती. पण मला तोंड कुठे आहे?

"फळी भरली," म्हणत नावाड्याने दोर सोडला.

लाँच निम्म्यावर आली तेव्हा सूनबाईंनी बिस्किटं वाटली. एक हातात उरलं.

"बाबा कुठे आहेत?"

"पुढे बसले असतील," त्यांचा नवरा म्हणाला, पण उठून बघायचा धीर त्याला होईना.

लाँच मागे वळली. बेटाच्या टोकाला एक खडक आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. आता ती वाट दिसतच नव्हती. आजोबा खडकाला पाठ लावून उभे होते. पाणी छातीला लागलं होतं आणि काठी त्यांनी उंच धरली होती. तिघांनी मिळून त्यांना वर ओढलं.

बराच वेळ ते कुडकुडत बसले. सूनबाईंचं रडणं थांबेना. मग आजोबा उठले, माझ्यावरचा आपला चौदा नंबरचा बिल्ला काढून त्यांनी खिशात टाकला. नावाड्याने तो परत घ्यायला हात पुढे केला.

"हा आता माझ्याकडे राहील," आजोबा म्हणाले. "फळी भरलेली दिसली की तुम्ही माणसं मोजत नाही."

तेव्हापासून तो खिळा रिकामा आहे. फळी कधी भरतच नाही, म्हणून नावाड्याला प्रत्येक खेपेला वळून माणसं मोजावी लागतात. मित्रांनो, तुम्हीही लाँचमध्ये बसलात की माझ्यावर विसंबू नका, आपल्या शेजारी कोण बसलंय ते बघा. मला दिसतं सगळं, पण हाक मारता येत नाही. ती तुम्हीच मारायची.