भट्टीचा खादाड कोपरा

समजा, तुम्ही मातीची भांडी घडवणाऱ्या शेडमध्ये उभे आहात. समोर खोलीएवढी भट्टी. आत वाट्या, बरण्या, कुंड्या दाटीवाटीनं मांडलेल्या. तुमच्या हातात तुम्ही चाकाशिवाय, नुसत्या बोटांनी घडवलेला पहिलावहिला चंबू. जागा उरलीय एकच, मागचा डावा कोपरा, आणि तिथं ठेवलेलं भांडं तडकतंच, असं घरचे सगळे सांगतात. ठेवाल?

भिंगरी अशीच उभी होती. एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. आत्यानं तिला बजावलं होतं, चंबू भट्टीतून धड निघाला तर चाकावर बसायचं, नाहीतर माती मळत राहायचं.

"पुढच्या खेपेला ठेवू," आत्या म्हणाली. "तो कोपरा खादाड आहे."

हे तुला कुणी सांगितलं, असं भिंगरीनं विचारलं. आत्यानं आजोबांकडे बोट दाखवलं. दाराशी स्टुलावर बसलेले आजोबा म्हणाले, मी कशाला खोटं सांगू, या डोळ्यांनी पाहिलंय. आत्यानंही पाहिलं होतं. दोघंही खरंच बोलत होते.

बोलता बोलता आत्यानं एक जाड कुंडी उचलली आणि कोपऱ्याकडे निघाली. भिंगरीनं कुंडीच्या बुडाला गाल लावला. गार लागलं. माती ओली असली की गालाला कळतं, हे आत्यानंच तिला शिकवलं होतं. ओली माती भट्टीत फुटते, हेही.

"आत्या, ही वाळलेली नाही."

"माहितेय गं. तिथं तसंही फुटायचंच, मग चांगली कशाला वाया घालवू?"

"नेहमी अशीच ठेवता तिथं?"

"मग काय, निवडून चांगली ठेवू?" आजोबा हसले. हसता हसता मध्येच थांबले आणि कुंडीकडे बघत राहिले.

भिंगरीनं आपल्या चंबूला गाल लावून पाहिला. गार लागला नाही.

"चाकाचं लक्षात आहे ना?" आत्या म्हणाली. "तडकला तर रडारड नको."

भिंगरीनं मान हलवली आणि चंबू कोपऱ्यात ठेवला.

भट्टी पेटली, विझली, निवली. दार उघडल्यावर भिंगरी सगळ्यांच्या आधी आत घुसली. चंबू अख्खा होता. आत्यानं चाकापुढचा पाट तिच्याकडे सरकवला. आजोबा मात्र म्हणाले, "एखादं सुटतं, पोरी. नशीब असतं."

भिंगरीला राग आला, पण तिनं विचार केला. एका चंबूवरून कोपरा निर्दोष कसा ठरवायचा? तिला हवं ते मिळालं होतं, गप्प बसली असती तरी चाललं असतं. ती चाकावर बसली आणि एकसारख्या दोन वाट्या घडवल्या. गालाला गार लागेनाशा होईपर्यंत वाळवल्या. मग दोन्ही आजोबांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "एक कोपऱ्यात, एक मधोमध. कोपऱ्यात कोणती ठेवायची, ते तुम्हीच निवडा."