एकाच पायाची सूज

रितिकाला ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणारा आजार, असल्याचं कळलं, तेव्हापासून दुर्गेश कळमना बाजारातली मिरचीची आडत भावावर टाकून तिला दवाखान्यात न्यायचा. तिथेच तिची विक्रमशी ओळख झाली. तो जरीपटक्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचा आणि त्यालाही हाच आजार होता. सकाळी बोटं कशी आखडतात, हे त्याला समजावून सांगावं लागत नसे. त्याच्याशी ती फोनवर हसून बोले. नवऱ्याला मात्र "थकली मी," एवढंच. स्वयंपाकघरात जेवताना दुर्गेशला ते हसणं ऐकू यायचं आणि हातातला घास तसाच राहायचा.

एकदा तिची डावी पोटरी सुजली आणि दुखायला लागली. सांध्यांचंच दुखणं असेल म्हणून दुर्गेशने बाम आणला आणि दोन दिवस मन लावून चोळला. आपल्या हाताने तिला आराम पडावा, एवढंच त्याला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी आला तर दाराला कुलूप. शेजारच्या शोभाताईंनी सांगितलं, ते चित्रकलेचे सर तिला ऑटोने दवाखान्यात घेऊन गेले. दुर्गेशचा फोन दिवसभर बंदच होता.

दवाखान्यात विक्रम बाकावर रितिकाची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. दुर्गेशने आधी ती पर्स काढून घेतली, मग तिची विचारपूस केली.

डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ आहे. या आजारात रक्त लवकर गोठू शकतं, आणि मग अशी एकाच पायाला सूज येते. चोळल्याने गाठ सुटून फुफ्फुसात जाऊ शकली असती. आता रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं आहे.

आत गेल्यावर त्याने विचारलं, "मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुलेच सांगितलं होतं आधी. तू बाम आणला. त्यानं विचारलं, सूज एकाच पायाले आहे का."

दुर्गेशने पर्स तिच्या उशाशी ठेवली.

रितिका बरी झाली, गोळ्या चालू राहिल्या. विक्रमचे फोनही. एका संध्याकाळी दुर्गेशनेच फोन उचलून विचारलं,

"रक्त गोठण्याची तपासणी झाली का तुमची?"

"अजून नाही."

"एकटे राहता, तरी काहून थांबून राहिले? उद्या सकाळी तयार राहा."

दुसऱ्या दिवशी त्याने विक्रमला आपल्या गाडीवर तपासणीला नेलं, आणलं. परतताना विक्रमने रितिकाची चौकशी केली. "बरी आहे," म्हणून दुर्गेशने गाडीचा वेग वाढवला.