चिंचेवरचं विभूती लावलेलं पिल्लू

औशाच्या बसस्थानकावर गाड्या पुकारून पुकारून बसवंतअप्पा निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. फोनवर ते नुसते खाकरले तरी पलीकडचा माणूस पिशवी उचलून गाडीकडे पळायचा. त्यामुळे आवाजातलं आपल्याएवढं जगात कुणाला कळत नाही, याबद्दल अप्पांना तिळमात्र शंका नव्हती.

त्या उन्हाळ्यात एके दिवशी वावटळ उठली आणि घरामागच्या चिंचेला लटकलेल्या वटवाघळांपैकी एकीचं पिल्लू थेट अप्पांच्या बायकोनं, नीलाबाईंनी, वाळत घातलेल्या शेवयांत येऊन पडलं. दुसरी बाई किंचाळली असती. नीलाबाईंनी त्याला कोमट पाण्यानं, साबण लावून न्हाऊ घातलं, कपाळावर विभूती ओढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. घरात नवा जीव आला की त्यांचा हाच शिरस्ता. मग वासरू असो की सून. सुनेला बोळ्यानं पाजलं नव्हतं, एवढाच फरक.

दिवस कलताना शेजारचा मल्लिनाथ डोकावला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"काकू, घात केला की वो! ही वासावर वळखतेत. ह्याला तर साबणाचा वास, विभूतीचा वास. आई जवळ बी येनार न्हाई. अन् शेळीच्या दुधावर हे जगत न्हाई."

नीलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "मी चांगलं कराया गेले अन् जिवावरच उठले की त्याच्या."

"उगं रडू नकू," अप्पा म्हणाले. "वास धुतलीस, आवाज धुतलीस का? स्टँडवर एवढा कालवा असतो, पन लेकरानं हाक मारली की एकाच बाईची मान वळते. मी जन्मभर तेच बघितलंय. चल, शिडी आन."

चिंचेच्या खालच्या फांदीवर गाठोडं ठेवलं. वर वटवाघळं चाऱ्याला निघायच्या गडबडीत होती. पण पिल्लाच्या तोंडून चकार शब्द निघेना.

"आता वो, अप्पा?" मल्लिनाथ हसू दाबत म्हणाला.

अप्पांनी तोंडाला हातांचा कर्णा केला. "लक्ष द्या! चिंचेवरून सुटनाऱ्या समद्या मातांनी लक्ष द्यावं! एक बाळ खालच्या फांदीवर वाट बघून ऱ्हायलंय!"

रस्त्यावर सोलापूरची गाडी कचकन थांबली, त्यातून तीन म्हाताऱ्या आपापली गाठोडी घेऊन उतरल्या. वटवाघूळ मात्र एकही वळलं नाही.

अप्पा शिडी चढून गाठोड्यात डोकावले. पिल्लू लुगड्यात नाक खुपसून ढाराढूर झोपलं होतं.

"आगं, हे हाक कशाला मारंल? ह्याच्या लेखी ह्याची आई हितंच हाय. काढ ते लुगडं."

"भेईल वो ते."

"भेऊ दे. भ्यालं तरच वरडंल. वरडलं तरच वाचंल."

नीलाबाई स्वतः शिडी चढल्या. लुगड्यात रुतलेली एकेक नखी त्यांनी सोडवली. उघड्या फांदीला लटकल्यावर पिल्लानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि टाचणी टोचावी तसं किंचाळलं.

आभाळ काळं करून चाललेल्या त्या थव्यातून एकच वटवाघूळ मागं फिरलं. फांदीवर उतरलं, पिल्लाचं कपाळ हुंगलं, फटकन शिंकलं आणि उडून गेलं.

"म्हनलं नव्हतं?" मल्लिनाथ पुटपुटला. नीलाबाईंनी लुगड्याचा बोळा तोंडाशी धरला.

"गप," अप्पा म्हणाले. "अजून एकदा हाक येऊ दे."

पिल्लू पुन्हा किंचाळलं. ती पुन्हा आली. डोळे गच्च मिटून, शिंकत शिंकत तिनं लेकराला छातीशी ओढलं आणि उडाली. लिंबाच्या बागेपर्यंत तिच्या शिंका ऐकू येत होत्या.

सकाळी नीलाबाई विभूतीची खूण शोधायला चिंचेखाली गेल्या, तर अख्ख्या झाडाची कपाळं पांढरी! जागेवरून ढकलाढकली करताना एकमेकांना घासून ती विभूती सगळ्यांना लागली होती. खोटं वाटत असेल तर औशाला जाऊन बघा. पण सकाळीच जा, उन्हानं घाम आला की पुसतं.

"आता ह्यातलं माझं कोनतं?" नीलाबाई रडकुंडीला आल्या.

"तुला कशाला कळाया पाहिजे? त्याच्या आईला कळतंय की."

तरी नीलाबाईंनी हळूच हाक मारली, "बाळा, ये रे."

सगळं झाड झोपलेलं. एका पंखाखालून तेवढं एक इवलंसं डोकं बाहेर आलं, कान टवकारून.

अप्पांनी घसा खाकरला आणि आपल्या खणखणीत आवाजात तीच हाक दिली.

डोकं पंखाखाली गेलं. रस्त्यावर गाडी थांबली.