चवीपुरतं

माईने डाव्या हाताने बटाट्याचं एक साल उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि पुन्हा ओट्यावर टाकलं. अर्धा बटाटा सालालाच चिकटलेला होता.

"सोलते आहेस की तासते आहेस?"

थोरल्या सुनेने सुरीवरची पकड तेवढी बदलली आणि पुढचा बटाटा आणखी जाड सोलला.

उजवा हात गळ्यात अडकवून माई स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती. जिन्यावर पाय घसरून मनगट मोडलं, आणि वर्षअखेरच्या सुट्टीतलं घरचं जेवण पहिल्यांदाच दुसऱ्यांच्या हाती गेलं. मुलांनी सुचवून पाहिलं होतं की यंदा बाहेरूनच मागवू. माईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की विषय तिथेच संपला. मग सुना करतील असं ठरलं. ठरवताना सुनांना विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

थोरली बँकेत होती. माईच्या मते ती स्वयंपाकही खिडकीबाहेर रांग लागल्यासारखा करायची. एक उरकलं की पुढचं, चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. धाकटी दातांची डॉक्टर. तिला लसूण सोलायला दिला, तर एकेक पाकळी ती हलवून हलवून, जपून काढत बसली, जणू पाकळी कळवळून ओरडणार होती. भोपळ्याच्या सुपासाठी तिने मोबाइल भिंतीला टेकवून उभा केला होता. त्यातली बाई सांगेल तशी ही पळी फिरवायची. भोपळ्याचा पार लगदा झाला तरी ती बाई थांबेना, म्हणून हीही थांबेना.

माईला राग येत नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. या दोघींकडे ती, दुकानातलं न परवडणारं नव्हे, तर फुकट दिलं तरी न घेण्यासारखं काही पाहावं, तशी पाहत होती.

"भात छान मोकळा झालाय, आई," थोरली म्हणाली.

माईने एक शीत चिमटीत धरून दाबलं.

"मोकळा नाही, बेवारस झालाय."

भरलेली कोंबडी मात्र तिने कुणाच्या हाती दिली नाही. सारण स्वतः एका हाताने कालवलं, मसाला आणि मीठ स्वतःच्या चिमटीने घातलं. धाकटीने जरा चव बघू का म्हणून विचारलं, तेव्हा माईने तिला समजावलं की चव बघावी लागते ती शिकाऊ बाईला. आपण उभ्या जन्मात कधी चव घेऊन पाहिलेली नाही, हातालाच कळतं. धाकटीने मान डोलावली आणि भांडी विसळायला घेतली.

संध्याकाळी सगळे टेबलाभोवती बसले. धाकटीने शेवटी येऊन मिठाची डबी मधोमध ठेवली. या टेबलावर मीठ कधी आलं नव्हतं.

"माझ्या हाताचा काही नेम नाही," ती हसत म्हणाली. "ज्याचं त्याने बघून घ्या."

माई नाकातल्या नाकात हसली. एक तर हातावर भरवसा नाही, आणि तेही चारचौघांत सांगायचं.

सूप झालं. बटाटे झाले. डबीला कुणी हात लावला नाही. मग कोंबडी वाढली गेली. माईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि घरात बोलणंही त्याच मापाने करायचा. त्याने डबी जवळ ओढली आणि कोंबडीवर मीठ भुरभुरलं, पुन्हा थोडं भुरभुरलं. मग डबी थोरल्या मुलाकडे सरकवली. त्याने घेतलं. धाकट्याने घेतलं. थोरल्या सुनेने घेतलं आणि हात झटकला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, सुट्टीत कुठे जायचं याच्या गप्पा चालूच राहिल्या. धाकटीने तेवढी मान खाली घातली होती.

माईने चमचा खाली ठेवला.

"अहो, मीठ कमी पडलं का?"

"थोडंसं," तो घास चावत म्हणाला. "नेहमीइतकंच आहे."

"नेहमी?"

आता मात्र तो चावायचा थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं आश्चर्य खरं होतं.

"तुला अळणीच आवडतं ना," तो म्हणाला. "आम्ही आपले तसंच धरून चाललो."

थोरल्याने घाईघाईने कोंबडी किती लुसलुशीत झाली आहे ते सांगितलं. थोरलीने हो म्हटलं. कुणीतरी आणखी भात मागितला.

माईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा कुठेच नव्हती. थट्टा असती तर तिच्यापाशी उत्तर होतं. हे सगळे तर, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना नकळत आवाज चढवावा, तसे सवयीने तिला सांभाळून घेत होते, आणि किती वर्षं घेत आले होते कोण जाणे.

डबी फिरत फिरत तिच्या ताटापाशी आली होती. तिने ती तशीच राहू दिली. डाव्या हाताने कोंबडीचा एक तुकडा तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग दुसरा, आणखी सावकाश. नेमकं काय कमी आहे, ते तिला काही केल्या कळेना.