तीन नाकांची कंपनी

अंधेरीच्या एमआयडीसीत एक कंपनी आहे. कारखान्यांचा धूर आणि दुर्गंध धुऊन काढणारी यंत्रं ती बनवते. तिच्या वेबसाइटवर ‘आमचं नेतृत्व’ नावाच्या पानावर तीन फोटो आहेत, तिघांच्याही हातांची घडी, तिघेही कुणावर तरी चिडल्यासारखे. मधले चंद्रप्रकाश राणे, तांत्रिक संचालक. एका बाजूला कुंदा गायकवाड, मॅनेजिंग डायरेक्टर. दुसऱ्या बाजूला धंदा आणणारे हर्षद दळवी. इंजिनिअरिंगला एकाच वर्गात होते, आणि साठी उलटली तरी त्यांचं अरेतुरे सुटलेलं नाही.

या तिघांची एक पद्धत होती. यंत्र बसवून झालं की मीटरचे आकडे पोरं घेत, पण शेवटचा शब्द संचालकांच्या नाकाचा. तिघांनी कारखान्याशेजारी कुणाच्या तरी घरी जायचं, डोळे मिटून उभं राहायचं, खोल श्वास घ्यायचा आणि कुंदा ‘हं’ म्हणाली की बोटं वर करायची. मूठ म्हणजे वास नाही, पाच बोटं म्हणजे जीव नकोसा. डोळे मिटायचे ते एकाचं बघून दुसऱ्याने ठरवू नये म्हणून. गिऱ्हाइकांना हा प्रकार भारी आवडायचा. मालक स्वतः येऊन वास घेतात याचं लोकांना फार अप्रूप.

अडचण एवढीच, की चंद्रप्रकाशना वास येत नव्हता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांची बायको शकु गेली आणि त्याच आजारात त्यांचं नाकही गेलं. नाक परत येईल असं डॉक्टर म्हणाले होते. शकुबद्दल तसं कोणी म्हणू शकत नव्हतं.

पार्ल्याच्या घरात दूध जळून पातेलं काळंठिक्कर पडलं तरी बाहेर पेपर वाचत बसलेल्या या माणसाला पत्ता नसायचा. शकुच्या साड्यांचं कपाट उघडून त्यांनी आत तोंड खुपसून पाहिलं, एकदा नाही, पुष्कळदा. गालाला कापड लागलं, बाकी काही नाही. आपण एकटे पडलो हे त्यांना स्मशानात नाही, त्या कपाटापाशी कळलं. मुलगी जान्हवी मेलबर्नला, तिला फोनवर काय सांगणार? आणि शेजाऱ्यांना सांगावं तर ते काढे सुचवणार.

कुंदाला आणि हर्षदला सांगायला हवं होतं. पण पुढे काय होणार ते त्यांना पाठ होतं. दुर्गंध मारणारी कंपनी, आणि तांत्रिक संचालकाला नाकच नाही. दोघं पाठीवर हात ठेवणार, ‘मार्गदर्शक’ करणार, शाल-श्रीफळ देणार, आणि मग सकाळी उठून जायचं कुठे? म्हणून हा सज्जन गृहस्थ डोळे किलकिले करून कुंदाच्या हाताकडे बघायला लागला. तिचा हात इतरांपेक्षा जरा लवकर वर यायचा. ती दाखवील तेवढी बोटं हे दाखवायचे. तीन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं.

मग मुलुंडचं काम आलं. कारखाना हिंगाचा आणि जुना, शेजारचा टॉवर नवा, तक्रार अर्थातच टॉवरची. सगळ्यांत जास्त भांडल्या होत्या आठव्या मजल्यावरच्या सपना ठक्कर, म्हणून परीक्षा त्यांच्याच गॅलरीत ठरली. गॅलरी कसली, बोळच. त्यात वॉशिंग मशीन, त्यात कुंड्या. नेहमीसारखं एका ओळीत उभं राहायला जागाच नव्हती. हर्षद कुंड्यांत शिरला आणि कुंदा चंद्रप्रकाशच्या अगदी समोर आली.

डोळे मिटले, श्वास घेतला, ‘हं’ झालं. चंद्रप्रकाशनी सवयीने पापण्या थोड्या उघडल्या.

कुंदाचे डोळे सताड उघडे होते. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि लहान मुलाला दाखवावीत तशी दोन बोटं छातीशी धरून त्यांना दाखवत होती.

म्हणजे तिचा हात लवकर वर येत नव्हता, ती तो त्यांच्यासाठी लवकर आणत होती. आणि इतकी वर्षं आपण फार हुशारी करतोय असं यांना वाटत होतं. आधी लाज वाटली, मग राग आला, भयंकर राग. त्यांनी हात वर केलाच नाही.

“काका, तुमची बोटं?” सपनाबाईंनी विचारलं.

“माझं नाक गेलंय,” चंद्रप्रकाश म्हणाले. “तीन वर्षं झाली. माझं मत धरू नका.”

हर्षद कुंड्यांकडे बघत राहिला. त्यालाही ठाऊक होतं तर. सपनाबाईंना नाकाचं काही देणंघेणं नव्हतं. उरलेल्या दोघांची दोन-दोन बोटं म्हणजे वास अजून आहे, मी काय उगाच भांडत होते का, असं त्यांनी सुनावलं. आठ दिवसांत दुरुस्त करून देतो म्हणून कुंदाने शब्द दिला. चहाचं कोणी विचारलं नाही.

खाली हर्षद गाडी काढायला गेला. कंपाउंडमध्ये ही दोघंच उरली. शकु गेल्यानंतर थोड्याच दिवसांत आपल्याला कळलं, कुंदा सांगू लागली. ऑफिसात कुणाचा तरी डबा सडला होता, सगळे नाक दाबून बाहेर पळाले आणि चंद्रप्रकाश तिथेच शांतपणे ड्रॉइंग तपासत बसले होते. त्याच दिवशी तिने आणि हर्षदने ठरवलं, की हे बोलायचं नाही. बोललं की याला घरी बसवावं लागेल, आणि घरी बसला तर हा टिकणार नाही.

हे ऐकून राग उतरायला हवा होता. उतरला नाही. कारण त्यांना दुसरंच आठवलं. कॉलेजात असल्यापासून दर रविवारी पार्ल्याला जेवायला येणारी ही दोघं शकुच्या तेराव्यानंतर घरी फिरकली नव्हती. शकुशिवाय त्यांना ते घर बघवत नसेल, अशी यांनी स्वतःची समजूत घातली होती.

“खुर्ची राखलीत माझी,” ते म्हणाले. “पण घरी एकदा तरी यायचंस ना. एकटा असतो गं मी. आली असतीस तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं असतं तुला सगळं.”

“माहीत होतं मला,” कुंदा म्हणाली. “म्हणूनच नाही आले.”