खंडेनवमीची साफसफाई

गंगाधरांनी कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत बांधला. गाठ मारताना त्यावरचं हळदकुंकू पुसलं जाऊ नये, म्हणून चादरीची घडी जरा सैल ठेवली. मोरीत भांडी विसळणाऱ्या जाईबाईंनी मान वर केली.

“दसऱ्याच्या दिवशी ह्यो खंय न्हेतास?”

“रिपेराक. पंखो आवाज करता.”

चाळीस वर्षांच्या संसारात गंगाधरांना बायकोशी धड खोटं बोलता आलं नव्हतं. आजचंही जमलं नसतं, पण ललिता आधीच जिना उतरू लागली होती. लेकीच्या मागोमाग ते घाईने निघाले.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते गंगाधरांना बघूनच म्हटलं असावं. संपात गिरणी गेली, पुढची सारी वर्षं वॉचमनकीत गेली, तरी खंडेनवमी आली की हात शिवशिवायचे. पूजेआधी कापड विणायचा साचा लख्ख करायचा, आदल्या कामाचा एक धागा त्यावर राहू द्यायचा नाही, हा गिरणीतल्या साळखात्याचा, विणकरांचा शिरस्ता. आता घरात यंत्र म्हणून होता तो लेकाचा, उत्तमचा कॉम्प्युटर. काल त्यांनी त्याची बटणं टूथब्रशने घासली, काच पुसली, आणि मग काचेवरची ती पिवळी फोल्डरं त्यांच्या डोळ्यांवर आली. इंग्रजी नावांची, पोराच्या लग्नपत्रिकांच्या कामाची असणार. नको ते कचऱ्याच्या डब्यात ओढायचं आणि डबा रिकामा करायचा, हे उत्तमनेच शिकवलं होतं. टिचकी मारली की वाजणारं जाईबाईंच्या गाण्याचं चित्र तेवढं त्यांनी कोपऱ्यात जपून ठेवलं. ते चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी आणि गाणं राहतं फोल्डरात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पूजेतल्या यंत्राला जाईबाई दसऱ्याच्या दिवेलागणीपर्यंत हात लावत नसत. ललितेला असलं काही नव्हतं. डोंबिवलीहून सणाला आलेली, तिने रात्री कॅमेऱ्यातले पूजेचे फोटो त्यात भरले, सहज गाण्याच्या चित्रावर टिचकी मारली, आणि काहीच वाजलं नाही.

उत्तम काविळीने गेला, त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या आदल्या गणपतीत त्याने आईची गौरीची गाणी भरून घेतली होती. त्यातल्या एकाच गाण्याआधी तो बोलला होता, “आई, अशी जवळ बस. हां, म्हण आता.” जाईबाई रोज दुपारी तेवढंच लावायच्या आणि गाणं सुरू झालं की बंद करायच्या. स्वतःचा घसा काय ऐकायचा? पोराचा आवाज घरात उरला होता तो तेवढाच. हे गंगाधरांना ठाऊक होतं. आई गाणं ऐकते, असंच ललिता समजून होती.

लॅमिंग्टन रोडच्या गल्लीतलं जगनचं कॉम्प्युटर रिपेरीचं दुकान उघडं होतं. टेबलावरची झेंडूची फुलं बाजूला सारून त्याने डबा उघडला.

“कचरा काढला तरी लगेच पुसलं जात नाही, काका. जागा मोकळी झाली एवढंच मशीन लक्षात ठेवतं. वरून दुसरं काही बसलं, तर मात्र तेवढं गेलं. नंतर काही टाकलंय?”

“पूजेचे फोटो,” ललिता हळूच म्हणाली.

जगन कामाला लागला. दोघं बाकावर बसून राहिली. दुपार कलताना एकेक वस्तू परत येऊ लागली. नावं गेलेली, नुसते आकडे. लग्नपत्रिका आल्या, गणपतीचे फोटो आले, मग गाणी आली. जगनने ते गाणं लावलं. जाईबाईंचा आवाज पहिल्या ओळीच्या मधूनच सुरू झाला.

“सुरुवात थोडी गेली. बाकी अख्खं आहे.”

“तेवढं चालेल हो,” ललिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. गंगाधरांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि सदऱ्याला बराच वेळ पुसत बसले.

दिवेलागणीनंतर घरी ललितेने वायरी जोडल्या आणि आईला सगळं सांगून टाकलं.

“माज्याकडसून पुसला,” गंगाधर उंबऱ्यातूनच म्हणाले.

जाईबाईंनी पदराला हात पुसले, बाकड्यावर बसल्या आणि गाणं लावलं. बोट सवयीने बटणावरच होतं. गाणं मधूनच सुरू झालं. बोट तसंच राहिलं.

“मिळालं ना, आई?”

“मिळाला गो.”

गंगाधरांना ते ऐकवेना.

“बंद कर गो ता,” ते म्हणाले.

“ऱ्हवांदे.”

पहिल्यांदाच जाईबाई आपलं गाणं ऐकत होत्या. कडव्यामागून कडवं गेलं. एके ठिकाणी त्यांना खोकला आला होता, तोही आला. गाणं संपलं, बांगड्या वाजल्या, आणि कोणी हसलं.

“झालं? मस्त,” उत्तम म्हणाला. मग आवाज जरा लांब गेला. “बाबा, दाराबाहेर काय उभे राहिलात? आत या ना, तुम्हीपण बसा.”

 जिन्यावरून उतरत जाणाऱ्या गंगाधरांच्या चपला तेवढ्या ऐकू आल्या. पुढे काही नव्हतं.

त्या दिवशी आपण थांबून ऐकत होतो, हे कोणाला कळलं नसेल, असंच गंगाधर आजवर समजत आले होते. त्यांनी चौकट धरली. ललिता त्यांच्याकडे बघत होती. जाईबाईंनी मात्र मागे वळून पाहिलं नाही. त्या बाकड्यावर जरा सरकल्या आणि नवऱ्यापुरती जागा करून गाणं पुन्हा लावलं.