नऊ बाह्यांचा कोट

सहा वर्षांपूर्वी परग्रहवासी आपल्या क्षेपणास्त्रांना घाबरून पळाले, असं सगळं जग समजतं. समजू दे बापडं. त्यांना घालवलं माझ्या बाबांनी, आणि तेही मुद्दाम नव्हे, सवयीने.

तेव्हा उतरताना त्यांच्या सेनापतीचा नऊ बाह्यांचा कोट समोरच्या गच्चीवरच्या अँटेनात अडकून टराटरा फाटला. धड कोट अंगात असल्याशिवाय हल्ल्याचा हुकूम देता येत नाही, हा त्यांचा नियम. खाली आमचं शिवणकामाचं दुकान. बाबांनी माप घेतलं आणि चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले तेच सांगितलं, "परवा या." पाहुणे मुकाट्याने गेले. त्यांचा एक दिवस म्हणजे आपली तीन वर्षं, हे शास्त्रज्ञांना मागाहून कळलं.

आज सकाळी यान परत आलं, अगदी ठरल्या वेळी. आणि ज्या माणसाने शाळेचे गणवेश मुलं शाळा सोडून गेल्यावर दिले, त्याने हा कोट वेळेवर तयार ठेवला होता! काजं माझी, बाकी सगळं बाबांचं. माझी बाही वाकडी बसते म्हणून मला कात्रीला हातसुद्धा लावू देत नाहीत.

"बाबा, देऊ नका. त्याने हा घातला की आपण सगळे संपलो."

"जन्मात एक काम वेळेवर झालंय. तेही लपवून ठेवू?"

मला इतका संताप आला की मी टाचण्यांचा डबा आपटला. दारात संरक्षणमंत्री हात जोडून उभे होते. "तुमची पँट अजून झाली नाही," म्हणत बाबांनी त्यांना बाजूला केलं आणि सेनापतीला आत घेतलं.

एकेक करत नऊ हात बाह्यांत गेले. कुठे एक चुणी नाही. सेनापतीने आरशासमोर गिरकी घेतली, खूश होऊन बाबांच्या पाठीवर तीन थापा मारल्या आणि हुकूम द्यायला तोंड उघडलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सातवी बाही चिमटीत धरली.

"काखेत ओढतंय."

"मला तर छान वाटतोय," सेनापती पुटपुटला.

"तुम्हाला कळतं की मला? काढा. परवा या."

त्याने निमूटपणे कोट काढला. यान गेलं.

कुठेही ओढत नव्हतं. बाबांच्या हातून इतकं सुरेख काम कधी झालं नव्हतं, आणि आता ते ब्लेड घेऊन तेच उसवत बसले होते. मला रडू आवरेना.

"बाबा, गेले ते. राहू द्या ना."

"गिऱ्हाइकाला काम बाकी आहे म्हणून सांगितलंय. बाकी असायला नको?" त्यांनी नववी बाही सुटी केली आणि आपली कात्री माझ्यापुढे सरकवली. "ते येतील तेव्हा मी असेन की नसेन. हा कोट आता तुझा."

"पण मला अजून बाही नीट जोडता येत नाही."

"म्हणून तर तुला देतोय."